हिरव्या रेघेचे ११,४०० रुपये

प्रश्न : मी मिरजेत घरी शिवणकाम करते. १८ जानेवारीला मिस्टरांच्या क्रेडिट कार्डावर १२ हप्त्यांत २८,९९९ रुपयांचा फोन घेतला. दिवाळीनंतर पडद्यावर उभी हिरवी रेघ आली आणि तिच्या उजवीकडचा बोटभर भाग टच घेत नाही. सांगलीच्या कंपनी सर्व्हिस सेंटरने ‘आत पाणी गेलंय, वॉरंटी बसत नाही’ असं तोंडी सांगून डिस्प्लेचे ११,४०० रुपये मागितले. फोन पाण्यात कधीच पडलेला नाही. बाजारातला कारागीर ४,२०० मध्ये डिस्प्ले टाकून देतो म्हणतो. दुकानदार म्हणतो, जुना ३,५०० ला द्या आणि ३१,९९९ चा नवा १८ हप्त्यांवर न्या. याच मॉडेलचा चालू स्थितीतला जुना फोन इथे १३-१४ हजारांना मिळतो. अडीअडचणीला ६०,००० रुपये वेगळे ठेवलेत. ऑर्डरी, मापं, पैसे सगळं फोनवरच आहे. काय करू?

उत्तर : ताई, सध्या तिघांपैकी कुणालाच पैसे देऊ नका. तुमच्या हातात चौथी एक गोष्ट आहे आणि तिची किंमत तुम्ही हिशेबात धरलेलीच नाही : १७ जानेवारीपर्यंतची वॉरंटी. ती लागू झाली तर ११,४०० रुपये वाचतात. नाही झाली तर बाकीचे तिन्ही रस्ते महिन्याभराने जवळपास याच भावात खुले असतील. उलट्या क्रमाने गेलात तर मात्र परत फिरता येत नाही. कारागिराने फोन उघडला की कंपनीला नकार द्यायला पाण्याहून भक्कम कारण मिळतं, आणि दुकानदाराला फोन देऊन टाकलात तर भांडायला वस्तूच उरत नाही.

तुमच्या पत्रात मला खटकलेला शब्द म्हणजे ‘तोंडी’. तोंडी नकाराला कुठेच किंमत नाही, म्हणून फोन घेऊन पुन्हा जा आणि जॉबशीट, म्हणजे फोन जमा केल्याची आणि तक्रारीची पावती, करून घ्या. त्यावर बिलाची तारीख, आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), फोनची बाहेरची अवस्था आणि तक्रार, या चारही गोष्टी हव्यात. तक्रारीच्या रकान्यात नुसतं ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ लिहू देऊ नका. ‘उभी हिरवी रेघ, उजवीकडे टच बंद, काचेला तडा नाही, फ्रेम चेपलेली नाही’ असं लिहून घ्या. काउंटरवर देण्याआधी दुसऱ्या फोनने चारही बाजूंचा व्हिडिओ काढा. काही ठिकाणी आपण दुरुस्ती नको म्हटली तर तपासणीचे पैसे लावतात, तेही आधीच विचारा. मग मागण्या तीनच : वॉरंटी नाकारण्याचं कारण लेखी द्या, आतल्या खराबीचे फोटो द्या, आणि अंदाजपत्रकात कुठला भाग किती रुपयांचा ते वेगवेगळं लिहा.

पाण्याच्या दाव्याचं म्हणाल तर तो थोडाफार तुम्हालाही तपासता येतो. बहुतेक फोनमध्ये सिमच्या ट्रेच्या खाचेत एक चिमुकली पांढरी पट्टी असते आणि तशाच एकदोन आत बोर्डावर. पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. ट्रे काढून खाचेत टॉर्च मारा. पट्टी पांढरी असेल तर फोटो काढून ठेवा, तुमचं निम्मं काम झालं. लाल असली तरी सगळं संपलं असं नाही. पट्टी एवढंच सांगते की ओल त्या जागी पोचली. रेघ त्या ओलीमुळेच आली, हे ती सांगत नाही. अमोलेड पडद्यावरची (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) अशी उभी रेघ पुष्कळदा पडद्याच्या कडेचा सूक्ष्म जोड किंवा फ्लेक्स केबल (पडदा बोर्डाला जोडणारी चपटी पट्टी) निकामी झाल्याने येते. एका उभ्या ओळीला सिग्नल नीट जात नाही आणि ती सतत पेटलेली राहते. या दोषाच्या तक्रारी भारतात इतक्या आल्या की वनप्लस आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्यांनी काही ठराविक मॉडेलांना वॉरंटी संपल्यावरही स्क्रीन फुकट बदलून दिली. तुमची कंपनी आणि मॉडेल कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या मॉडेलसाठी अशी काही योजना आहे का, हे कंपनीच्या ईमेलवर स्पष्ट शब्दांत विचारा. काउंटरवरचा मुलगा ते आपणहून सांगेलच असं नाही.

पण स्वतःशी प्रामाणिक राहा. पावसात रेनकोटाच्या खिशात ठेवलेला फोन, इस्त्रीच्या वाफेजवळ तासन्‌तास पडलेला फोन, ओल्या हाताने लावलेलं चार्जिंग, यातलं काही आठवतंय का ते बघा. आतल्या बोर्डावर हिरवट गंज दिसत असेल तर प्रकरण कमकुवत आहे. खोक्यावर आयपी६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) छापलेलं असलं तरी पाण्याचं नुकसान साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत, अटींत ते बारीक अक्षरात असतंच. लेखी तक्रारीत खोटं काही घालू नका. पुढे प्रयोगशाळेपर्यंत गेलात तर ते उघडं पडतं.

फोन सोडून येण्याआधी डेटा काढा. टच अर्धवट असेल तर बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळणारा ओटीजी जोड (फोनला यूएसबी वस्तू लावायची पिन) आणि साधा यूएसबी माउस लावा. पडद्यावर बाण येतो आणि मेलेल्या पट्टीतही क्लिक करता येतं. व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर घ्या. मापांचे आणि डिझाइनचे फोटो मिस्टरांच्या फोनमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर टाका. यूपीआय ॲपमधून बाहेर पडा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, गूगल खातं काढा आणि मग फॅक्टरी रीसेट मारा. खातं न काढता रीसेट झाला तर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत अडू शकतो आणि दुरुस्तीचे आठ दिवस वाया जातात. ‘टेस्टिंगला लागतो’ म्हणून कुणी पिन मागितला तर देऊ नका. रीसेट केलेल्या फोनला पिन लागतच नाही.

तोवर धंदा कसा चालवायचा? क्यूआरवर येणारे पैसे फोन नसतानाही बँकेत जमा होतात, अडते ती फक्त खात्री करण्याची सोय. घरात एखादा जुना स्मार्टफोन पडला असेल तर त्यात तुमचं सिम घाला. यूपीआय ॲप त्याच नंबरवरून एसएमएस पाठवून पुन्हा नोंदणी करतं. फोन बदलल्यावर पहिले २४ तास पैसे पाठवण्याची मर्यादा कमी असते, म्हणून कापडवाल्याचे किंवा अस्तरवाल्याचे मोठे पैसे आदल्या दिवशीच देऊन टाका. जुन्या फोनची बॅटरी बसली असेल तर ती बदलण्याचा खर्च खुशाल त्या ६०,००० मधून करा. कमाईचं साधन बंद पडणं हीच खरी अडीअडचण. नवा फोन त्यात बसत नाही.

सेंटरने लेखी नकार दिला तर वाद तिथेच घालत बसू नका, त्या टेबलावर अधिकार नसतो. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. विषयात जॉबशीट क्रमांक आणि आयएमईआय लिहा, सोबत बिल, लेखी नकार, फोटो आणि व्हिडिओ जोडा, आणि १५ दिवसांत मोफत दुरुस्ती किंवा बदली मागा. हे सगळं १७ जानेवारीच्या आत नोंदलं गेलं पाहिजे, कारण मुदतीत आलेली तक्रार नंतर ‘वॉरंटी संपली’ म्हणून टाळणं कंपनीला अवघड जातं. उत्तर पोकळ आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा तिच्या पोर्टलवर तक्रार टाका. हेल्पलाइन आदेश देत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या कक्षाकडे जाते. काउंटरवर अडलेली बरीच प्रकरणं तिथेच सुटतात.

त्यानंतरचा टप्पा सांगलीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरून अर्ज भरता येतो आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. निकाल ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात याहून लांबतं. तेव्हा ही वाट ‘पैसे उद्या मिळतील’ या आशेने धरू नका. तिचा खरा उपयोग तडजोडीच्या दबावासाठी. आणखी एक खाच : फोन धंद्यासाठी वापरता म्हणून ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असा मुद्दा कंपनी काढू शकते. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू कायद्याने ‘व्यापारी हेतू’तून वगळली आहे, म्हणजे तुम्ही ग्राहकच ठरता. अर्जात हे एक वाक्य जरूर घाला.

आता आकडे. कंपनीकडून पैसे देऊन दुरुस्ती केली तर ११,४०० जातात आणि बसवलेल्या भागावर साधारण ९० दिवसांची हमी मिळते. असाच चालू फोन १३-१४ हजारांना मिळत असताना हा सौदा मला पटत नाही. त्यात जर बोर्डावर खरंच गंज असेल, तर नवा डिस्प्ले टाकूनही दोन महिन्यांत चार्जिंग किंवा नेटवर्क जाईल. पण वरच्या कक्षाकडे तक्रार गेल्यावर ‘सदिच्छा’ म्हणून कंपन्या कधी कधी अर्धी रक्कम सोडतात. ५,५०० ते ६,००० पर्यंत आकडा आला आणि बोर्ड स्वच्छ असल्याचं लेखी मिळालं, तर घ्या. माझी रेषा तिथे आहे.

कारागिराचा ४,२०० चा डिस्प्ले हा बहुधा कॉपी माल. अमोलेडच्या जागी एलसीडी बसतो, उन्हात पडदा फिका दिसतो, बॅटरी लवकर उतरते आणि पडद्याखालचं बोटाच्या ठशाचं कुलूप तर अशा डिस्प्लेवर सहसा चालतच नाही. तरीही हा पर्याय मी कायमचा खोडत नाही. कंपनीकडचे सगळे दरवाजे बंद झाले, वॉरंटी संपली आणि फोन अजून वर्षभर ढकलायचा असेल, तर महिन्याला ३५० रुपये हा खर्च वाईट नाही. फक्त तेव्हा ‘काढलेला ओरिजिनल’ (दुसऱ्या फोनमधून काढलेला) की ‘कॉपी’ हे बिलावर लिहून घ्या. नुसतं ‘कंपनी क्वालिटी’ म्हणाल्याने काहीच ठरत नाही.

दुकानदाराची ऑफर सगळ्यांत महाग, कारण ती स्वस्त दिसते. ३१,९९९ मधून ३,५०० वजा जाता २८,४९९, म्हणजे १८ महिने दरमहा सुमारे १,५८३. कार्डावरच्या नो कॉस्ट ईएमआयमध्ये, म्हणजे ‘बिनव्याजी’ म्हणवणाऱ्या हप्त्यांत, व्याज नसतं असं नाही. ते विक्रीच्या वेळी सूट म्हणून वजा होतं आणि बँक ते नंतर हप्त्यांतून घेते. दर १५ टक्के धरला तर हे व्याज सुमारे ३,१०० रुपये होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून, म्हणजे साधारण ५६०, आणि १९९ रुपयांचं प्रक्रिया शुल्क असेल तर जीएसटीसह २३५. ‘नो कॉस्ट’ची किंमत झाली ८०० च्या आसपास. शिवाय रोख घेतला असता तर दुकानदाराने किती सोडले असते, ते विचारून बघा. पण खरा तोटा याहून मोठा आहे. वॉरंटीत दुरुस्त झाला तर १३-१४ हजारांचा होणारा फोन तुम्ही ३,५०० ला देताय. जवळपास १० हजारांचा फरक त्या एका वाक्यात लपलाय.

आणि चालू फोनचे डिसेंबर-जानेवारीचे दोन हप्ते, २,४१७ रुपयांचे, रागाने थांबवू नका. फोन बिघडला ही कंपनीशी भानगड आहे, हप्ता हे बँकेचं देणं. थकवलात तर कार्डावरचं विलंब शुल्क आणि व्याज लागेल, आणि मिस्टरांच्या सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) डाग पडेल तो वेगळाच.

शेवटी नवा घ्यायचाच झाला तर १८ ऐवजी ६ हप्ते आणि २०,००० च्या आतला फोन. दुकानदार त्यावर वाढीव वॉरंटी गळ्यात मारेल. ती फक्त उत्पादनदोषाला दुसऱ्या वर्षासाठी असते, पडलेल्या किंवा भिजलेल्या फोनला नाही. अपघाती नुकसानीची योजना वेगळी असते आणि तिच्यात प्रत्येक दाव्यामागे ठराविक रक्कम आपण भरायची असते. त्यापेक्षा दरमहा ५०० रुपये आवर्ती ठेवीत टाका.

दुरुस्त फोन मिळाला तर काउंटर सोडू नका. *#०६# दाबून आयएमईआय बिलाशी ताडा. बोर्ड किंवा फोन बदलला असेल तर क्रमांक बदलतो, आणि मग नवा क्रमांक कंपनीच्या कागदावर हवा. पांढऱ्या, काळ्या आणि राखाडी रंगाचं चित्र पूर्ण पडदाभर लावून रेघ आहे का बघा, एखादं आयकॉन धरून पडद्याच्या चारही कडांना फिरवा, एक फोन लावा, चार्जर जोडा. ‘समाधानकारक दुरुस्ती’च्या रकान्यात सही आणि तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी, दोन्ही त्यानंतर.