बोगद्यात न अडणारं काम

प्रश्न : मी ठाण्यात प्रोग्रामर आहे, आईवडील कुडाळला. मांडवी एक्सप्रेसने जाताना लॅपटॉप उघडतो, पण चिपळूणपुढे नेट सारखं जातं आणि काम अडतं. डोंगल बदलू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : डोंगलचे पैसे वाचवा. त्या मार्गावर 90 च्या वर बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे एकटाच साडेसहा किलोमीटरचा. तिथे कुठलंच सिमकार्ड कामाला येत नाही.

कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट तुम्ही वापरत असालच. लिनस टॉर्वाल्ड्सने ते 2005 साली लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी लिहिलं. त्यात प्रकल्पाचा सगळा इतिहास आपल्याच डिस्कवर असतो. कमिट करा (बदल नोंदवा), ब्रांच काढा (कामाची वेगळी शाखा), एखादी ओळ कोणी कधी बदलली ते बघा, सर्व्हर लागत नाही. तो लागतो फेच (इतरांचे बदल आणणं) आणि पुशला (आपले पाठवणं). फेच घरून निघण्याआधी उरका.

खरं घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच. बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) मध्येच एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, उतरवायला जातं, नाहीतर टेस्टना ऑफिसातला डेटाबेस हवा असतो. म्हणून आदल्या रात्री वायफाय बंद करा, बिल्ड स्वच्छ करून पुन्हा चालवा, टेस्ट चालवा. जिथे रडेल तेवढंच उतरवून घ्या. डॉक्युमेंटेशन वाचायला मी झील हे अ‍ॅप वापरतो. मॅकवाल्यांना डॅश आहे. दोन्ही नेटशिवाय चालतात.

दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून काम असेल तर नेहमीच्या एसएसएचऐवजी मॉश हा प्रोग्राम बघा. बोगद्यात तेही थांबतं, पण बाहेर आल्यावर सेशन तिथूनच पुढे चालू होतं, पुन्हा लॉगिन नको. मात्र ते सर्व्हरवरही बसवावं लागतं आणि यूडीपी पोर्ट (त्याचा डेटा ये-जा करण्याच्या वाटा) उघडे लागतात, तेव्हा तुमच्या अ‍ॅडमिनला आधी विचारा.

आणि कामही निवडून न्या. नवी लायब्ररी शिकायला गाडी वाईट. एआय मदतनीसही नेटबरोबरच गप्प होतो. मी राहून गेलेल्या टेस्ट आणि मेलेला (आता न वापरला जाणारा) कोड काढून टाकणं असलीच कामं नेतो. मीटिंग तर अजिबात घेऊ नका, शेजारच्या काकांना तुमचा स्प्रिंट (टीमच्या ठरावीक मुदतीच्या कामाचा टप्पा) ऐकायचा नसतो. रत्नागिरी सुटली की मी तसाही लॅपटॉप मिटतो, पानवल नदीवरचा उंच पूल चुकवायचा नसतो म्हणून.

कुडाळला पोचल्यावर थेट पुश करू नका. आधी फेच करून रिबेस करा, म्हणजे आपले बदल नव्या कोडवर पुन्हा रचा. तोवर ठाण्यातल्या मंडळींनी मेन ब्रांच बरीच पुढे नेलेली असेल.