मारुती ८०० च्या दाराची काच बदलताना

काम घरी होण्यासारखं आहे, बिनधास्त हात घाल. फक्त घाई नको.

आधी हातमोजे आणि चष्मा. ही काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असते, फुटली की खड्यांसारखे तुकडे होतात आणि त्यातले बरेच दाराच्या पोटात पडतात. नवशिके सीट झाडतात, दार विसरतात. मग काच फिरवताना खरखर होते, खालची पाणी जायची भोकंही बुजतात. दाराचं पॅड (आतल्या बाजूचं आवरण) काढून व्हॅक्यूम लावच.

पॅड काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटू नकोस, क्लिपा तुटतात. काच वर-खाली करायचं हँडल निघत नसेल तर त्याच्या मागून जुनं फडकं घालून दोन्ही टोकं आलटून पालटून ओढ. आतली लॉकची तार अलगद सुटते. ती उडते, तेव्हा दुसरा हात आडवा धर.

काच घेताना:
- डावी-उजवी, पुढची-मागची बघून घे. टफन्ड काच कापून मापात बसवता येत नाही.
- काच ज्यात सरकते ते रबरी चॅनल कडक झालं असेल तर तेही आत्ताच बदल.

पॅड लावण्याआधी काच दोन-चारदा वर-खाली करून बघ. आतला प्लॅस्टिकचा कागद फेकू नकोस, पावसाचं पाणी तोच अडवतो. काच वर-खाली करणाऱ्या मशीनची दुरुस्ती, सेटिंग वगैरे नंतर बघू. अडलास तर फोटो टाक.