सर्दी गेली, दम राहिला

प्रश्न : रक्ताच्या कर्करोगासाठी ह्यांचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट होऊन नऊ महिने झाले. पेशी माझ्या नणंदेने दिल्या. जुलैत मुलांकडून ह्यांना सर्दी लागली. ताप नव्हता, आठवड्यात बरंही वाटलं. आता दोन जिने चढले की धाप लागते. एक्स-रे चांगला आहे. अशक्तपणाच असेल ना? घरी तीन बॉलच्या स्पायरोमीटरवर तिन्ही बॉल वर जातात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : अशक्तपणा समजून थांबू नका. याच आठवड्यात ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना कळवून पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी, करून घ्या. ताप नव्हता याचाही दिलासा मानू नका. स्टिरॉइड चालू असतील तर ताप दबलेला राहतो.

दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णाला आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएंझा (हे सर्दीचे विषाणू) किंवा फ्लू होऊन गेल्यावर काही महिन्यांनी फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका व्रण धरून अरुंद होऊ शकतात. याला ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटेरन्स म्हणतात. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात, त्याला जीव्हीएचडी म्हणतात; त्याचंच हे फुप्फुसातलं रूप. हवा आत जाते, बाहेर पडताना अडकते. त्यामुळे एक्स-रे बहुधा स्वच्छच दिसतो. सीटी काढायचा झाला तर श्वास पूर्ण सोडून घेतलेली चित्रंही हवीत, नाहीतर अडकलेली हवा त्यातही निसटते.

पीएफटीला जाताना ट्रान्सप्लांटआधीचा रिपोर्ट फाइलमधून शोधून न्याच. पाहायचा तो एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा. आज अपेक्षेच्या ८५ टक्के आले तर कागदावर ‘नॉर्मल’ छापून येईल. आधी १०५ असतील तर ती मोठी घसरण आहे. गेलेली क्षमता सहसा परत येत नाही, उपचार पुढची घसरण रोखण्यासाठी असतात. म्हणून घाई.

तीन बॉलचं यंत्र श्वास आत घेण्याच्या व्यायामाचं. दोष बाहेर सोडण्यात असेल तर बॉल वर जातीलच. घरी एफईव्ही-१ मोजणारं छोटं स्पायरोमीटर घ्या. ताठ बसून, नाकाला चिमटा लावून छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात जोराने फुंकून किमान ६ सेकंद सोडत राहायचं. सुरुवात हळू झाली की आकडा खोटाच कमी येतो. तीनदा फुंकून सर्वांत चांगला आकडा लिहा. आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी. नेहमीपेक्षा १० टक्के खाली आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तसाच राहिला तर फोन करा.

अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मात्र दुकानातून परस्पर आणू नका. या आजारात डॉक्टर ते कधी कधी देतात. पण आजार होऊ नये म्हणून दीर्घकाळ दिल्यावर मूळ कर्करोग उलटण्याचं प्रमाण वाढल्याने अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८मध्ये इशारा दिला होता.

प्रश्न : घरातल्यांनी फ्लूची लस घ्यावी का?

उत्तर : सगळ्यांनी, दरवर्षी, पावसाळ्याआधी. इंजेक्शनचीच; नाकात फवारायची जिवंत लस टाळा. रुग्णाला साधारण सहा महिन्यांनंतर इंजेक्शनची लस देता येते, वेळ डॉक्टर ठरवतील. घरात कुणाला सर्दी झालीच तर त्याने वेगळ्या खोलीत झोपावं, मास्क लावावा. रुग्णाचं नाक वाहू लागलं तर त्याच दिवशी कळवा, नाकातल्या स्वॅबची पीसीआर होऊ द्या. फ्लूचा संशय असेल तर ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध रिपोर्टची वाट न पाहता सुरू करतात.