जुन्या हंगेरियन चर्च नोंदींतले धर्ममाता-धर्मपिता नातेवाईकच असतात का? आणि मुलाचं नाव कोणावरून ठेवायचे?

नातेवाईकच असतील असं धरून चालू नका. कॅथलिक गावांत बहुतेकदा मैत्रीतलं किंवा शेजारचं एक जोडपं असायचं आणि घरातल्या सगळ्या पोरांच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता-धर्मपिता म्हणून तेच उभं राहायचं. मुलाचा बाप आणि धर्मपिता एकमेकांना ‘कोमा’ म्हणत. बाळंतिणीला घरून जेवण पोचवायचं कामही धर्ममातेचंच.

नावाचं मात्र सविस्तर सांगते, कारण त्यावरून माझं आणि नणंदेचं सहा वर्षं वाजलंय.

माझं सासर हंगेरियन. नणंदेने वंशवृक्ष छापून फ्रेम केला, त्यात सासऱ्यांचे खापरपणजोबा योझेफ, जन्म मार्च 1831. ऑनलाइन सूचीत नाव दिसलं, उतरवलं, झालं! मी मूळ पान उघडलं. लॅटिन नोंद, ‘योसेफुस’, आईबाप बरोबर. मग सवयीने पुढची पानं चाळत गेले, तर नोव्हेंबर 1833 मध्ये तेच आईबाप, तोच घर नंबर, तेच धर्ममाता-धर्मपिता आणि पुन्हा योसेफुस. नणंद म्हणाली, पाद्र्याने चुकून दोनदा लिहिलं असेल. अडीच वर्षांनी चुकून? मृत्यूची वही काढली. ऑगस्ट 1831, योसेफुस, वय पाच महिने, कारणाच्या रकान्यात एकच शब्द: कॉलरा. त्या उन्हाळ्यात हंगेरीभर साथ होती. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देणं तिथे सर्रास चालायचं. शिवाय आमचे योझेफ 1901 च्या सुरुवातीला वारले, वय लिहिलंय 67. करा वजाबाकी.

सासऱ्यांनी मान डोलावली. नणंद म्हणाली, “तुमच्याकडे असल्या वह्या नसतात ना, म्हणून तुझा गोंधळ होतोय.” माझ्या माहेरची नामावळी त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत आहे, आजोबांच्या सहीसकट! त्यात आजोबाचं नाव नातवाला, त्याचं पुन्हा त्याच्या नातवाला. नाव एक म्हणजे माणूस एक नव्हे, हे मला लहानपणापासून कळतं.

तर नाव कोणावरून? बापावरून, आजोबावरून, धर्मपित्यावरून, जवळ आलेल्या संताच्या सणावरून. आमचा पहिला योझेफ मार्चमधला, 19 मार्चला संत योझेफचा दिवस, म्हणून ते नाव असावं. दुसऱ्याला ते भावाकडून आलं. पक्का नियम कुठेच नाही, आणि जे नियम सांगतात त्यांनी वह्या उघडलेल्या नसतात.

हो, एक राहिलं. मी कॅथलिक वह्यांबद्दल बोलतेय. कॅल्विनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, गावांत एकाच बाळाला धर्ममाता-धर्मपित्यांची कितीतरी जोडपी दिसतात, तिथे नातेवाईकही निघतील. आणि बाईचं नाव ‘कोवाच इश्तवानने’ असं असेल तर ती इश्तवान कोवाचची बायको. तिचं स्वतःचं नाव त्यात नाहीच. तेव्हा आडनाव वेगळं दिसलं म्हणून ती मावशी नव्हे, असंही ठरवू नका.

बाप्तिस्म्याची नोंद सापडली की लगेच झाडावर चढवू नका. आधी पुढच्या पाच-सात वर्षांची मृत्यूची वही चाळा. आमच्या नणंदबाईंनी अजून चाळलेली नाही.