‘हृदयाच्या ठोक्यात दोष निघाला, आता पोहणं बंदच करायचं का?’

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न घेऊन येणाऱ्या आईवडिलांना माझ्याकडून एकच शब्द हवा असतो, हो किंवा नाही. तो माझ्याकडे नसतो, आणि पहिल्या भेटीत डॉक्टरांकडेही बहुधा नसतो. ठोक्यातला दोष म्हणजे एकच आजार नव्हे. कुठला दोष हे कळल्याशिवाय पुढचं बोलणं व्यर्थ.

बेळगावच्या वडगावातल्या एका यंत्रमागवाल्यांची सोळा वर्षांची मुलगी. तिला अनुजा म्हणू. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. मामाच्या गावी, येळ्ळूरला, पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. पुढे बेळगावात रोज पहाटेचा सराव, २०० मीटर फ्रीस्टाईल, बंगळूरच्या बसवनगुडीला राज्य स्पर्धेत उतरायची तयारी. एके दिवशी सरावात छाती धडधडायला लागली ती थांबेना. दवाखान्यात ठोके मिनिटाला दोनशेच्या घरात निघाले. ईसीजीवरून निदान झालं वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट, डॉक्टर ज्याला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात ते. वडिलांना धंद्यापुरतं कानडी चांगलं येतं, पण कानडी-इंग्रजीतल्या त्या समजावणीतून त्यांच्या हाती ‘हार्ट’ एवढाच शब्द लागला. घरी येऊन त्यांनी पोहण्याची बॅग माळ्यावर टाकली. आजी म्हणाली, ‘बरंच झालं, पोरीच्या जातीला कशाला ते!’ म्हणजे आजाराच्या आडून दुसरेच हिशेबही चुकते होत होते. हे बऱ्याच घरांत होतं.

मी त्यांना आधी परत डॉक्टरांकडे पाठवलं, प्रश्न मराठीत कागदावर लिहून. मग उलगडा झाला. या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश जायला जन्मतःच एक जादा चोरवाट असते. ती किती धोक्याची, हे तपासणीत मोजता येतं. मांडीच्या शिरेतून बारीक तार नेऊन ती वाट जाळून बंद करतात. या अब्लेशनला शंभरात नव्वदहून अधिक जणांत यश येतं, आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर बरेच खेळाडू काही आठवड्यांत मैदानात परततात.

अनुजाचं अब्लेशन झालं. माझं खरं काम त्यानंतर सुरू झालं.

ती पाण्यात परतली, पण दिवसभर बोटं मनगटावर. जिना चढली की ठोके मोज, जेवली की मोज. अशी भीती मी अपेक्षितच धरते. न सांगितलेली गोष्ट निराळीच होती. बऱ्याच भेटींनंतर ती खाली बघत बोलली, ‘मॅडम, गॉगलमध्ये पाणी गेलं म्हणून मी थांबते ना, ते खोटं असतंय. छातीत फडफडतंय म्हणून भिंत धरते.’

‘घरी का सांगितलं नाहीस?’

‘सांगितलं की बॅग परत माळ्यावर.’

मला सगळ्यात धोक्याचं वाटतं ते हे. घरच्यांनी भीतीपोटी घातलेल्या बंदीने पोर पाण्याबाहेर राहीलच असं नाही. ते लक्षण लपवायला मात्र हमखास शिकतं. डॉक्टरांचा निर्णय मुलं जे सांगतात त्यावर उभा असतो. सांगणं महाग पडलं की तो आधारच जातो.

वडिलांना बोलावलं. ते चिडले, मग रडले. शेवटी ठरलं ते असं: फडफड झाली की तिने लगेच पाण्याबाहेर यायचं आणि कोचना सांगायचं, त्या दिवशी सराव बंद, पुढचं डॉक्टर ठरवतील, घरात कुणी नाही. शुद्ध हरपली तर थेट इस्पितळ. तलावावर एकटीने उतरायचं नाही, आणि विहिरीत तर नाहीच. चक्कर जमिनीवर आली तर माणूस पडतो, पाण्यात बुडतो. होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ठोके टिपणारं यंत्र, लावून चोवीस तासांची नोंद घेतली, त्यात फक्त काही जादा ठोके दिसले. अब्लेशननंतर असे जाणवतात, बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण ते ‘निरुपद्रवी’ यंत्राने सांगितलं म्हणून. मी किंवा तिने ठरवलं म्हणून नव्हे.

कोचनी हुरूप द्यायला डेना व्होल्मर या अमेरिकन जलतरणपटूचं नाव काढलं होतं. किशोरवयात तिच्याही वेगवान ठोक्यांवर प्रक्रिया झाली होती, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिने १०० मीटर बटरफ्लाय ५५.९८ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला. खरं आहे. पण तिला लाँग क्यूटीचीही, म्हणजे दर ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो त्या आजाराची, शंका होती, म्हणून सरावाला तलावाकाठी हृदय थांबलं तर विजेचा झटका देणारं एईडी यंत्र ठेवलेलं असे, हे कुणी सांगत नाही. मी पदकापेक्षा त्या यंत्राबद्दल जास्त बोलले. आता कोच छाती दाबायचं शिकलेत, मिनिटाला १०० ते १२० वेळा. एईडीचे पॅड लावण्याआधी ओली छाती पुसायची, हेही त्यांना पाठ आहे.

हेच निदान लाँग क्यूटीच्या पहिल्या प्रकाराचं असतं, तर मी इतक्या सहज बोलले नसते. त्यात पोहणं हेच ठोके जीवघेणे बिघडायचं निमित्त होऊ शकतं. आधी बेशुद्ध पडलेल्या मुलांना डॉक्टर स्पर्धेच्या पोहण्यापासून दूर राहायला सांगतात, त्याला कारण आहे. अशा घरांत माझं काम पोहणं सुटल्याचं दुःख ऐकण्याचं असतं, आशा लावण्याचं नाही.

अनुजाच्या वडिलांनी परवा फोन केला. धाकट्याचाही ईसीजी काढू का? डब्ल्यूपीडब्ल्यू सहसा घराण्यात उतरत नाही. लाँग क्यूटी उतरतो, तिथे आईवडील-भावंडांची तपासणी करावीच लागते. तरी डॉक्टरांना विचारा म्हटलं. ‘आणि मॅडम, त्याला क्रिकेट खेळू देऊ ना?’ अजून काहीच निघालं नव्हतं. मी म्हटलं, खेळू द्या.