२५ हजारांत पक्ष्यांच्या फोटोंसाठी कोणता ब्रिज कॅमेरा (लेन्स बदलता न येणारा, मोठ्या झूमचा कॅमेरा) घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात राहता, सुट्टीच्या दिवशी हिप्परगा तलाव नाहीतर नान्नजच्या माळावर जाता, बजेट २५ हजारांच्या वर अजिबात जाणार नाही, आणि समोर तीन पर्याय आहेत: दुकानात पडून असलेला कॅनन एसएक्स४३०चा नवा पीस, ओळखीतून वापरलेला निकॉन बी७००, नाहीतर वापरलेला पॅनासोनिक एफझेड८०. नवा घ्यावा की वापरलेला, आणि ज्याचा झूम जास्त एक्सचा तोच घ्यावा का, हा प्रश्न.

माझं मत आधीच सांगतो, बी७०० घ्या, फक्त नीट तपासून घ्या. आता का ते सांगतो.

पहिलं म्हणजे तो एक्सचा आकडा डोक्यातून काढून टाका. एक्स म्हणजे लेन्सचं लांबचं टोक भागिले जवळचं टोक, बाकी काही नाही. एफझेड८० ची लेन्स २० ते १२०० एमएम (एमएम म्हणजे फोकल लेंग्थ, ती जितकी जास्त तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो), म्हणून ती ६०एक्स. कॅनन एसएक्स५४० ची २४ ते १२००, म्हणून ५०एक्स. पण पक्षी दोन्हीत सारखाच मोठा दिसणार, कारण टोक दोघांचंही १२०० च आहे. बी७०० पण ६०एक्सच पण २४ पासून सुरू होतो म्हणून १४४० पर्यंत जातो, आणि कॅनन एसएक्स६० ला ६५एक्स असूनही तो १३६५ लाच थांबतो. म्हणजे ६५एक्सवाला ६०एक्सवाल्यापेक्षा कमी लांब. त्यामुळे दुकानदाराला एक्स विचारू नका, लांबचं टोक किती एमएमचं ते विचारा. रुंद फोटो काढायला मोबाईल आहेच.

दुसरी गोष्ट, आणि तुमच्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर. एसएक्स४३० ला तो नाही, एसएक्स५४० ला नाही, निकॉन बी५०० आणि बी६०० लाही नाही. सोलापूरच्या उन्हात सकाळी नऊनंतर माळावर उभं राहून मागच्या स्क्रीनवर एवढासा चंडोल शोधून बघा, स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसेल पण पक्षी दिसणार नाही. शिवाय स्क्रीन बघायची म्हणजे कॅमेरा हात लांब करून धरावा लागतो आणि १००० एमएमच्या पुढं हात लांब करून धरलेला कॅमेरा स्थिर राहतच नाही, कितीही चांगलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय) असू दे. डोळ्याला टेकवला, कोपर छातीला लावले, की हाच कॅमेरा एकदम वेगळा वागतो. बी७०० आणि एफझेड८० दोघांना व्ह्यूफाइंडर आहे पण एफझेड८० चा फारच बारीक आहे, चष्मा असेल तर वैताग येतो. बी७०० चा पण काही भारी नाही पण काम होतं, आणि त्याची स्क्रीन बाहेर काढून फिरवता येते त्यामुळे तळ्याच्या काठावर चिखलात न झोपता शेकाट्याचा खालच्या लेव्हलचा फोटो काढता येतो.

एसएक्स४३० नवा आहे, वॉरंटी मिळेल, हे खरं, पण त्यात जुन्या पद्धतीचा सीसीडी सेन्सर (चित्र टिपणारी चिप) आहे, व्हिडिओ फक्त ७२०पी, शटर स्पीड स्वतः ठरवायची सोय नाही, आणि कंटिन्युअसवर (सलग फोटो काढायच्या मोडवर) टाकला तरी साधारण दोन सेकंदाला एक फोटो. उडणारी कापशी घार त्यात कशी पकडणार सांगा. नवेपणासाठी एवढं सगळं सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

एफझेड८० वाईट नाही बरं का. त्यात एक गोष्ट आहे जी बी७०० मध्ये नाही, ४के प्री-बर्स्ट. म्हणजे तुम्ही बटण दाबायच्या आधीच्या एका सेकंदाच्या ३० फ्रेम आणि नंतरच्या ३० फ्रेम तो साठवून ठेवतो. वेडा राघू तारेवर बसलेला असतो, माशी दिसली की झेपावतो आणि परत त्याच जागेवर येऊन बसतो, तिथं तुम्ही फक्त तारेवर फ्रेम लावून वाट बघायची, उडाला की दाबायचं, तुमच्या हाताला उशीर झाला तरी पंख उघडलेली फ्रेम बहुतेक मिळतेच. फोटो ८ मेगापिक्सेलचा मिळतो, पण चालतंय. बी७०० सेकंदाला ५ या वेगानं ५ फोटो काढतो आणि मग कार्डवर लिहीपर्यंत थांबतो, हा त्याचा खरा त्रास आहे, म्हणून बटण दाबून धरायचं नाही, क्षण बघून दाबायचं. तुमचा भर उडत्या पक्ष्यांवर असेल आणि चष्मा नसेल तर एफझेड८० घ्या, मी अडवणार नाही. पण माळावर पक्षी लांब असतात, काळवीटही जवळ येऊ देत नाहीत, तिथं १४४० आणि बरा व्ह्यूफाइंडर जास्त कामाचा.

(सिंहगडाच्या दरीत किंवा कोकणात झाडीत फिरणारा कोणी हे वाचत असेल तर त्याचं गणित उलटं. तिथं पक्षी जवळ असतात पण उजेड नसतो. पॅनासोनिक एफझेड२०० किंवा एफझेड३०० वापरलेला मिळाला तर बघा, टोक फक्त ६०० एमएम पण तिथंही एफ२.८ (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), म्हणजे पूर्ण झूमला एफ६.५ वाल्या बी७००पेक्षा पाचपट उजेड आत येतो.)

फोटोच्या क्वालिटीबद्दल खोटी आशा दाखवत नाही. या सगळ्यांचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, साधारण ६.२ बाय ४.६ एमएम. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) ४०० पर्यंत छान, ८०० ला चालवून घ्यायचं, १६०० ला पिसांची रेघ न रेघ पुसली जाते. म्हणून बी७०० वर ऑटो आयएसओची मर्यादा ८०० ला बांधा, डिजिटल झूम पूर्ण बंद, फोकस मधल्या छोट्या चौकटीवर, उजेड असेल तर शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको. पक्षी फ्रेममधून हरवला तर लेन्सच्या बाजूला स्नॅप-बॅक झूमचं बटण आहे, ते दाबून धरलं की झूम मागं येतो, पक्षी सापडला की सोडायचं, परत तिथंच जातो. हे बटण अंगवळणी पडलं की अर्धी लढाई जिंकली. आणि ऊन तापल्यावर माळावरची हवा लहरायला लागते, तेव्हा १४४० वर काहीच शार्प येत नाही, कॅमेऱ्याला दोष देऊ नका, सकाळी लवकर जा.

आता वापरलेला घेताना काय बघायचं. झूम पूर्ण बाहेर काढा आणि आत घ्या, चार-पाच वेळा, कान लावून, करकर आवाज किंवा अडखळणं असेल तर नमस्कार करून निघा. ही लेन्स आत-बाहेर होताना हवेबरोबर धूळ ओढते आणि ती आपल्याला घरी काढता येत नाही, त्यामुळे मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो पूर्ण झूमवर, एफ८ ला काढा, काळपट ठिपके दिसले की समजायचं धूळ सेन्सरपर्यंत गेलीय. लेन्समध्ये मोबाईलचा टॉर्च मारून बुरशीचे जाळ्यासारखे धागे आहेत का बघा, कॅमेरा मुंबई-कोकणात राहिलेला असेल तर हे नक्कीच बघा. पूर्ण झूमवर बटण अर्धं दाबल्यावर चित्र स्थिरावलं पाहिजे, नाचत राहिलं तर स्टॅबिलायझेशन गेलंय. स्क्रीन सगळ्या बाजूंना फिरवून बघा, फिरवताना चित्र गेलं तर आतली पट्टी तुटायला आलीय. बॅटरी ओरिजिनल आहे का ते विचारा, बी७०० च्या बॅटरीवर ईएन-ईएल२३ असं लिहिलेलं असतं.

सगळे २५ हजार कॅमेऱ्यात घालू नका. एक जादा बॅटरी, एक चांगलं फास्ट कार्ड आणि सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डबा एवढ्याचे पैसे बाजूला ठेवून मगच घासाघीस करा. ट्रायपॉडची सुरुवातीला गरज नाही, तांदूळ भरलेली कापडी पिशवी कठड्यावर किंवा गाडीच्या खिडकीवर ठेवली तरी लेन्स टेकवायला पुरते. विकणाऱ्यानं पूर्ण झूमवरचा आभाळाचा फोटो पाठवला तर इथं टाका, बघून सांगतो.