नावात ‘आयोग’ हवाच कशाला?

प्रश्न : मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून कोपरीत राहतो. माझी मुलगी अमेरिकेत सिॲटलला असते. तेथे शहराचा स्वतःचा मानवी हक्क आयोग आहे आणि त्याचे सदस्य विनावेतन काम करतात, असे तिच्याकडून कळले. त्यावरून आम्ही सात-आठ जणांनी ‘ठाणे शहर मानवी हक्क आयोग’ स्थापन करण्याचे ठरवले आहे. नोंदणी कोठे करावी आणि आम्हाला कोणते अधिकार मिळतील?
— एक वाचक, ठाणे (पूर्व)

उत्तर : नोंदणीचे नंतर पाहू, आधी नावाचे बोलू. आपल्याकडे मानवी हक्क आयोग कायद्याने निर्माण होतो, चार सज्जनांनी एकत्र येऊन नव्हे. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ अन्वये राष्ट्रीय आयोग अस्तित्वात आला आणि त्याच अधिनियमाच्या कलम २१ ने राज्य आयोग नेमण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला. महाराष्ट्राचा आयोग २००१ पासून काम करीत असून त्याचे कार्यालय सीएसएमटी स्थानकासमोर, हजारीमल सोमाणी मार्गावर आहे. शहरासाठी वेगळ्या आयोगाची तरतूद या कायद्यात नाही. साक्षीदाराला बोलावणे, कागदपत्रे हजर करायला लावणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम १३ ने आयोगाला दिले आहेत. ते कोणत्याही नोंदणीने तुमच्या मंडळाला मिळणार नाहीत, मात्र पाटीवर ‘आयोग’ लिहिलेत की दारी येणारा गरजू माणूस ते तुमच्याकडे आहेत असेच समजेल. (चौकीतला हवालदारही पहिले दोन दिवस तसेच समजेल, आणि मोह नेमका तेथेच होतो.)

सिॲटलचा आयोगही तेथील कार्यकर्त्यांनी आपणहून काढलेला नाही. १९६३ मध्ये शहराने नियम करून तो नेमला. सदस्य मानधन घेत नाहीत हे खरे, पण भेदभावाच्या तक्रारींची चौकशी शहराचे पगारी कार्यालय करते आणि आयोगाचे मुख्य काम महापौर व नगर परिषद यांना सल्ला देण्याचे आहे. असे असूनही त्याचा आरंभ अभ्यासण्यासारखा आहे. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशावरून नकार देण्यास मनाई करणाऱ्या नियमाचा मसुदा या आयोगाने सुरुवातीलाच तयार केला. परिषदेने तो मतदारांपुढे ठेवला आणि मार्च १९६४ मध्ये मतदारांनी तो दोनास एकाहून अधिक मतांनी फेटाळला. तसा नियम परिषदेने मंजूर केला तो एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर पंधराव्या दिवशी. हातात सत्ता नसलेल्या मंडळाला आपला मसुदा चार वर्षे धरून बसावे लागते, याची तयारी तुमच्या सात-आठ जणांची आहे का, हे मला नोंदणीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

तयारी असेल तर साधे नाव घ्या, ‘नागरिक साहाय्य मंडळ’ असे काहीही चालेल, आणि कामाला लागा; नोंदणी सावकाश धर्मादाय कार्यालयात होईल. राज्य आयोगाकडे पीडित व्यक्तीच्या वतीने दुसरे कोणीही अर्ज करू शकते. त्याला शुल्क नाही, अर्ज मराठीत चालतो, मात्र घटना घडून एक वर्ष उलटलेले नसावे आणि तेच प्रकरण दुसऱ्या आयोगापुढे चालू नसावे. राज्य आयोग निकाल देत नाही, शिफारस करतो. नुकसानभरपाई द्या, खटला भरा असे तो शासनाला सांगतो आणि शासनाने एका महिन्यात त्यावर काय केले ते कळवायचे असते. त्यामुळे सारी भिस्त अर्जातल्या तपशिलावर राहते.

एका भाजीविक्रेत्याला रात्रभर पोलीस ठाण्यात बसवून ठेवल्याची तक्रार घेऊन काही तरुण मध्यंतरी माझ्याकडे आले होते. अर्जाची तीन पाने ‘अमानुष’, ‘पाशवी’ अशा शब्दांनी भरली होती. त्याला किती वाजता नेले, हे मात्र कोठेच नव्हते. मग त्याच्या पत्नीला समोर बसवून विचारले. शेवटची टीएमटी बस नुकतीच गेली होती, सकाळी तो परतला तेव्हा दूधवाला जिन्यात होता, नेणाऱ्यांपैकी एकाच्या छातीवरच्या पट्टीवरील आडनाव तिने वाचले होते, आणि कोठे नेत आहेत हे तिला कोणी सांगितले नव्हते. तीन पानांचे एक पान झाले. स्टेशन डायरीतील त्या रात्रीची नोंद माहितीच्या अधिकारात मागितली, तेव्हा अशी नोंद नसल्याचे लेखी उत्तर आले. पुढचा अर्ज त्या एका ओळीवर उभा राहिला. तुमच्या मंडळात असा विचारत बसणारा एक जण आणि प्रत्येक कागदाची पोच सांभाळणारा दुसरा असला, तरी पुष्कळ झाले. निवृत्त शिक्षकाला हे दोन्ही जमते.

अधिकृत चौकटीतच काम करायचे असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकांसाठी, म्हणजे ज्यांना पीएलव्ही म्हणतात त्यांच्यासाठी, जाहिरात निघते का यावर लक्ष ठेवा. तेथे प्रशिक्षण मिळते आणि मोफत वकिलापर्यंत माणसाला पोहोचवता येते.

प्रश्न : तीन सिंहांची मुद्रा छापलेले ओळखपत्र दाखवून ‘मानवाधिकार, नवी मुंबई जिल्हाध्यक्ष’ असे सांगणारे एक गृहस्थ माझ्या दुकानात आले. दोन हजार शंभर रुपये भरल्यास मला ‘सहसचिव’ करतो म्हणतात.
— एक दुकानदार, ऐरोली

उत्तर : पैसे देऊ नका. राष्ट्रीय आयोग किंवा राज्य आयोग जिल्हाध्यक्ष नेमत नाही, सहसचिवपद विकत नाही. आणि महसुली नकाशात नवी मुंबई नावाचा जिल्हाच नाही, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते. खासगी संस्थेने राज्यचिन्ह वापरणे हा २००५ च्या अधिनियमाखाली गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओळखपत्राचे छायाचित्र मिळाले असेल तर ते जोडून पोलिसांत लेखी अर्ज द्या.

प्रश्न : आमच्या इमारतीत ‘मोलकरणी, डिलिव्हरी बॉय व पाळीव प्राणी यांनी फक्त सामानाची लिफ्ट वापरावी’ अशी सूचना लावली आहे. माझ्याकडे बारा वर्षे काम करणाऱ्या मावशींना परवा रखवालदाराने मुख्य लिफ्टमधून बाहेर काढले. मानवी हक्क आयोगाकडे जाता येईल का?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता

उत्तर : सहसा नाही. लोकसेवकाने केलेले उल्लंघन, किंवा ते रोखण्यात त्याने केलेली हयगय, एवढेच आयोगाच्या कक्षेत येते आणि सोसायटीची कार्यकारिणी त्यात बसत नाही. मावशी अनुसूचित जातीच्या असतील आणि जातीवरून त्यांचा अपमान झाला असेल, तर मात्र १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा विचार करावा लागेल आणि मग रस्ता पोलीस ठाण्याचा. एरवी हा शेजाराचा प्रश्न आहे. सिॲटलच्या त्या आयोगाने हात घातला तोही शेजाराचाच होता, म्हणून तो हलका समजू नका. माणसे आणि कुत्री एकाच ओळीत लिहिणारी ही सूचना कोणत्या सभेच्या कोणत्या ठरावाने लागली, त्याची प्रत सचिवांकडे लेखी मागा. माझ्या पाहण्यात अशा बहुतेक कागदांमागे ठराव नसतो, व्यवस्थापकाचा प्रिंटर असतो. ठराव निघालाच, तर तो रद्द करण्याचा विषय पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. आणि उत्तर येईपर्यंत मावशींना आपल्या सोबत मुख्य लिफ्टने वर नेत जा.